मागच्या खोलीतली बाई

"पाणी गार झालं," एस्नार्ट म्हणाली. "तुम्ही बोलत बसता आणि इकडे मी गारठते."

"मी कुठं बोलले? मघापासून तुम्हीच बोलताय."

"मग तुम्ही ऐकत बसता. पाणी काय, गार व्हायचं ते होतंच."

शोभनाला हसू आलं. तिने एस्नार्टच्या अंगावरचा टॉवेल गळ्यापर्यंत ओढला आणि भांडं उचलून ती बाथरूममध्ये गेली. त्या जुन्या अपार्टमेंटमध्ये गरम पाणी यायला वेळ लागे. नळाखाली बोट धरून ती उभी राहिली. हॉस्पिसच्या, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या माणसांना सांभाळण्याच्या, कामावर लागल्यापासून तिने पुष्कळ माणसांची अंगं पुसली होती, पण एवढी फर्मानं सोडणारी पेशंट तिला पहिल्यांदाच भेटली होती. टॉवेल असा नाही, तसा पिळा. आधी तोंड, मग मान, पाय शेवटी. कुशीवर वळवताना खांद्याला नको, कमरेला हात घाला.

दोघींचं बोलणं इंग्रजीत चाले. एकीचं इंग्रजी मिरजेचं, दुसरीचं झांबियातल्या न्डोला गावचं. पहिल्या आठवड्यात दोघींनाही एकमेकींचं निम्मं कळत नव्हतं. आता सगळं कळत होतं.

शोभना मिरजेला एका इस्पितळात नर्स होती. उभं आयुष्य तिथल्या वॉर्डमध्ये गेलं. नवरा वारला, ती निवृत्त झाली आणि मुलाने, प्रसन्नने, तिला ओहायोत डब्लिनला आपल्या घरी आणलं. घरी बसून काय करायचं, म्हणून तिने इकडचा छोटासा कोर्स केला. तिचं नर्सिंग इथं चालणार नव्हतं. पण मरणाला टेकलेल्या माणसाला घरी जाऊन अंघोळ घालायला, कपडे बदलायला, दोन घास भरवायला माणसं हवीच होती. पन्नाशी उलटल्यावर ती गाडी चालवायला शिकली. हायवे टाळून, उजव्या लेनने, प्रसन्नच्या जुन्या गाडीतून ती कोलंबस शहरभर हिंडायची. एक दिवसाआड सकाळी मोर्स रोडजवळच्या या अपार्टमेंटमध्ये यायची.

अपार्टमेंट दुसऱ्या मजल्यावर होतं. पुढे बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, मागे एस्नार्टची खोली. तिथल्या खिडकीचा पडदा सदा ओढलेला. खाली पार्किंग होतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने वर पाहिलेलं एस्नार्टच्या मुलीला, चिलेशेला, चालत नसे.

एस्नार्ट मुलीकडे आली ती मार्चमध्ये. दोन महिन्यांत मानेला गाठी आल्या, ताप हटेना. हॉस्पिटलमध्ये रक्त तपासलं आणि दोन गोष्टी एकदमच कळल्या. एक कॅन्सर होता. दुसरं एचआयव्ही होतं, फार वर्षांचं, आणि कॅन्सर त्याच्याच पाठीवर बसून आला होता. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, पण शरीरात त्या पेलायची ताकद उरली नव्हती. ऑक्टोबरात त्यांनी हात टेकले आणि तिला घरी पाठवलं.

शोभना गरम पाणी घेऊन आली तेव्हा एस्नार्ट छताकडे बघत होती.

"मुलं किती तुम्हाला?"

"एकच. प्रसन्न."

"म्हणजे तुम्ही बाना प्रसन्न. आमच्याकडे मूल झालं की बाईचं स्वतःचं नाव जातं. मी बाना चिलेशे. चिलेशेची आई."

"आमच्या गल्लीतही तसंच," शोभना म्हणाली. "माझं नाव कुणाला माहीत नव्हतं. प्रसन्नची आई."

त्या दिवसापासून दोघी एकमेकींना तशाच हाका मारायला लागल्या, आणि दोघींमधलं परकेपण गळून पडलं.

एस्नार्टच्या फर्मानांमागचं कारण शोभनाला हळूहळू कळलं. न्डोलात ती स्वतः हेच काम करायची. नवरा तांब्याच्या खाणीत होता. तो खोकून खोकून मेला, आणि सगळ्यांनी टीबी म्हटलं. तो गेल्यावर ती चर्चच्या बायकांच्या एका गटात गेली. पगार नाही, गाडी नाही. डोक्यावर टोपली, टोपलीत साबण, मीठ-साखर, मक्याचं पीठ, थोडी औषधं. सकाळी निघायचं आणि वस्तीतल्या आजारी माणसांच्या घरी चालत जायचं. अंग पुसायचं, चादर धुवायची, पेज शिजवून भरवायची. हातमोजे संपले की पावाच्या पिशव्या हातात घालायच्या. औषध नव्हतंच. माणूस मरणार हे त्यालाही ठाऊक असायचं आणि तिलाही. तो घाणीत मरू नये, एकटा मरू नये, एवढंच काम.

"लोक दारात उभं करायचे नाहीत," तिने एकदा सांगितलं. "विचारलं, तुमच्याकडे कुणी आजारी आहे का, तर म्हणायचे, नाही बाई, सगळे ठीक. आणि मागच्या खोलीतून खोकला ऐकू यायचा."

"मग तू काय करायचीस?"

"अंगण झाडायला घ्यायची. त्यांचाच झाडू उचलायचा आणि झाडत सुटायचं. परकी बाई आपलं अंगण झाडतेय हे किती वेळ बघवतं? कुणीतरी बाहेर यायचं. मग मी म्हणायची, आता आत झाडते." ती हसली आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. शोभनाने तिला उठवून बसवलं, पाठ चोळली. उबळ ओसरल्यावर एस्नार्ट म्हणाली, "कितीजणांना मी तशा खोल्यांतून बाहेर काढलं, बाना प्रसन्न. सगळ्यांना सांगायची, तपासून घ्या, लपवू नका. स्वतः मात्र गेले नाही तपासायला. आणि आता बघ, पोरीनं मलाच मागच्या खोलीत ठेवलंय."

शोभनाने तिला उशीला टेकवलं. मिरजेच्या वॉर्डमधली संडासाशेजारची शेवटची, एड्सवाल्यांची खाट शोभनाच्या डोळ्यांसमोर आली. त्या खाटेवरच्या माणसाचं ताट वॉर्डबॉय पायाने पुढे सरकवायचा.

*

डब्लिनच्या घरी पोचल्यावर शोभना गॅरेजमधून थेट बेसमेंटमध्ये जायची. अंघोळ, धुतलेले कपडे, मग वर. तोवर सावनीला तिच्या येण्याची चाहूल लागलेली असायची. नात सात महिन्यांची होती. आजीच्या हाताची तिला सवय होती. तिच्या मांडीवर आल्याशिवाय भाताची पेज पोटात जायची नाही.

सून, सुमेधा, औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये होती. बोलायला मऊ, वागायला चोख. सासूच्या नोकरीचं तिला कौतुकच होतं. महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना ती सांगायची, "आमच्या आई बघा, ह्या वयात ड्राइव्ह करतात, जॉब करतात."

"सध्याची पेशंट कोण आहे?" तिने सुरुवातीला विचारलं होतं.

"आफ्रिकेची आहे एक बाई. कॅन्सर."

ते खोटं नव्हतं. पेशंटचं घरी सांगायचं नसतं, हा नियमही होताच. पण आधीच्या पेशंटांचं ती नाव-गाव गाळून बाकीचं सांगायची: एकाची किडनी, एकीचं हृदय. इथे ती कॅन्सरवर थांबली होती, आणि का थांबली ते तिचं तिला ठाऊक होतं.

*

चर्चच्या बायका येणार म्हणून चिलेशेने शोभनाला रविवारी मुद्दाम बोलावून घेतलं. चिलेशे तिशीची, उंच, हाताने भक्कम. एका वृद्धाश्रमात ती म्हाताऱ्यांना अंघोळी घालायचं काम करायची, आणि घरी येऊन आईचं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"आंटी," तिने शोभनाला स्वयंपाकघरात गाठलं. "कॅन्सर. एवढंच. तुम्ही काही बोलणार नाही ना?"

"मी कुणाचंच काही बोलत नाही. नोकरीच तशी आहे."

"खोटं नाहीच आहे ते. कॅन्सर आहेच."

"आहे."

"तुम्हाला वाटत असेल, मला आईची लाज वाटते. लाज नाही हो." तिने चहाच्या कपांवरून उगाच फडका फिरवला. "मी इथं आले तेव्हा कुणी नव्हतं मला. ही जागा चर्चनं बघून दिली. गाडी त्यांनी शिकवली. हा कोट अंगावर आहे ना, तो मिसेस टेम्बोंचा. रविवारी मी तिथं गाते, तेवढा एक दिवस मला माणसांत असल्यासारखं वाटतं. ते गेलं तर माझं इथं काय उरतं?"

शोभनाने तिच्या हातातला फडका काढून घेतला आणि कप पुसले.

चर्चच्या दोघी आल्या. मिसेस टेम्बो साठीच्या, धिप्पाड, डोक्याला निळा रुमाल बांधलेल्या. त्यांच्याबरोबर एक तरुण बाई. दोघींनी मिठ्या मारल्या, केकचा डबा दिला. मिसेस टेम्बोंनी पलंगाजवळ खुर्ची ओढली आणि एस्नार्टचा हात हातात घेऊन प्रार्थना केली. कॅन्सरशी लढायचं बळ मागितलं. चिलेशे दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. प्रार्थना संपल्यावर तिने सोडलेला श्वास शोभनाला ऐकू आला.

"बाना टेम्बो," एस्नार्ट म्हणाली, "तुम्ही चांगली प्रार्थना केलीत. पण देवाला पत्ता चुकीचा दिलात."

"म्हणजे?"

"मला एड्स आहे. नवऱ्याकडून आला. कॅन्सर त्याच्यामागून आला. आता नीट नाव घेऊन मागा."

मग मिसेस टेम्बोंचा हात मागे आला. झटका नाही, काही नाही. चादरीवरून सरकत आपल्या मांडीवर आला आणि तिथे दुसऱ्या हाताने त्याला धरून ठेवलं. तरुण बाई उठून उभी राहिली होती.

"देव दयाळू आहे," मिसेस टेम्बो म्हणाल्या. "आम्ही... येऊ पुन्हा."

चहा तसाच राहिला. दोघी जिना उतरून गेल्या.

चिलेशे मागच्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. पण भिंती पातळ होत्या, आणि रागाच्या भरात ती इंग्रजीत ओरडत होती.

"तू जाणार आहेस, आई! तू जाणार आहेस! मला इथं राहायचंय!"

एस्नार्टचं उत्तर ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने चिलेशे बाहेर आली. केकचा डबा तिने न उघडता कचऱ्यात टाकला, बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ ती आतच होती.

शोभना निघण्यापूर्वी चादर नीट करायला आत गेली. एस्नार्टचा चेहरा ओला होता.

"तुला वाटतं मी चुकले?"

"मला नाही सांगता येत, बाना चिलेशे. पोरीच्या बाजूने बघितलं तर..."

"तिच्या बाजूनेच बघतेय. मी गेल्यावर ती हे एकटीनं पोटात धरून बसेल. माझं नाव निघालं की घाबरेल. तसं जगलेली माणसं मी बघितलीत. ती मेलेल्यांपेक्षा वाईट दिसतात." तिने डोळे मिटले, मग पुन्हा उघडले. "तू घरी काय सांगितलंयस? माझ्याबद्दल?"

शोभनाने उशीचा अभ्रा ओढून सरळ केला. तो सरळच होता.

"समजलं," एस्नार्ट म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

*

त्या रात्री जेवताना शोभनाने सांगितलं. नाव नाही, पत्ता नाही. एवढंच, की कॅन्सर आहे, पण तो एचआयव्हीमुळे आहे.

सुमेधाचा घास तोंडाशी थांबला. प्रसन्नने आधी बायकोकडे पाहिलं, मग आईकडे.

"किती दिवस झाले, आई?"

"महिना होईल."

"आणि तू... म्हणजे तू ग्लव्ह्ज वगैरे..."

"मी नर्स होते रे बाबा."

"तसं नाही म्हणत मी. पण दुसरा पेशंट मागून घे ना. ते लोक देतात की चेंज करून. घरात एवढं लहान बाळ आहे."

"आई, मला सगळं माहितीये," सुमेधा म्हणाली. "मी लॅबमध्ये काम करते. असं काही पसरत नाही, हे दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी तासभर लेक्चर दिलं असतं. मला माहितीये हो. पण मला नाही जमत. तुम्ही सावनीला घेतलंत की मी तिला ओढून घेणार. मी काय करू त्याला?"

शोभनाला तिचा राग येईना. मिरजेच्या त्या खाटेजवळ तीही भ्यायची. ती काम सगळं करायची, पण त्या खाटेच्या कडेवर कधी टेकली नव्हती.

"थोडे दिवस राहिलेत बाईचे," ती म्हणाली. "आता सोडून नाही येणार मी."

कुणी आवाज चढवला नाही. त्या घरात आवाज चढत नसत. पण दुसऱ्या दिवसापासून शोभना अंघोळ करून वर आली की सावनी नुकतीच झोपलेली असायची, नाहीतर नुकतीच जेवलेली, नाहीतर सुमेधा तिला घेऊन बाहेर निघालेली. पेज सुमेधाच भरवायला लागली. सावनी आजीकडे झेपावायची, आणि सुमेधा तिला खिडकीतली खार दाखवायची. एका संध्याकाळी शोभनाने आपणहूनच जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून घेतलं. तिथून पोरगी दिसायची, आणि कुणाला काही सांगावं लागायचं नाही.

*

चर्चमधून कुणी आलं नाही. चिलेशेला पुढच्या रविवारी गाण्याचं बोलावणंही आलं नाही. कुणीतरी निरोप ठेवला की आईजवळ थांब, इकडची काळजी करू नको. एस्नार्ट फोनची वाट बघायची. फोन वाजला की डोळे उघडायची. एकदा न्डोलाहून फोन आला. तिच्या जुन्या गटातली बाई होती. तिकडे आता एचआयव्हीच्या गोळ्या फुकट येऊ लागल्या होत्या. ज्यांना उठवतही नव्हतं अशी माणसं बाजारात चालत जाताना दिसत होती. एस्नार्टने सगळं ऐकून घेतलं, एकेकाचं नाव विचारलं. फोन ठेवल्यावर म्हणाली, "मी इकडे आले, आणि गोळ्या तिकडे गेल्या. वाटेत चुकामूक झाली आमची."

त्याच आठवड्यात शोभनाला मोर्स रोडवरच्या दुकानात मिसेस टेम्बो दिसल्या. तांदळाच्या पोत्यांपाशी. शोभना वळून जाणार होती, पण त्यांनीच सामानाची ढकलगाडी आडवी घातली.

"खाते का ती काही?"

"मला सांगता येत नाही, मॅडम. नियम आहे."

"नका सांगू." त्यांनी फळीवरून मक्याच्या पांढऱ्या पिठाचं पाकीट उचललं आणि शोभनाच्या टोपलीत ठेवलं. "हे इथलं बरं मिळतं. घरच्यासारखं. माझं नाव सांगू नका." त्या निघाल्या आणि दोन पावलांवर थांबल्या. "माझे दोन भाऊ यातच गेले. आम्ही मलेरिया सांगितलं. माझ्या नवऱ्यालासुद्धा मलेरियाच माहितीये." शोभना काही बोलायच्या आत त्या पुढच्या रांगेत गेल्या होत्या.

पीठ पाहून एस्नार्टने विचारलं, "टेम्बोबाई?"

शोभनाने पाकीट तिच्या हातात दिलं.

"तिनं हात मागे घेतला तेव्हाच ओळखलं मी. असा हात ज्याच्या घरी झालंय तोच मागे घेतो." तिने चिलेशेला हाक मारली. त्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, न्शिमा, चिलेशेने करून आणला. एस्नार्टने सुपारीएवढा घास बोटांनी वळला, तोंडात धरला, गिळता आला नाही. तरी तिने तो बराच वेळ तोंडात ठेवला. चिलेशे पलंगाच्या कडेवर बसली होती. त्या रविवारनंतर मायलेकी धड बोलल्या नव्हत्या. एस्नार्टने खरकट्या बोटांनी तिचा गाल धरला, आणि चिलेशेने तो तसाच धरू दिला. शोभना भांडी घासायला बाहेर गेली.

*

एस्नार्ट गेली ती एका सकाळी, चिलेशे कामावर असताना. वृद्धाश्रमाने आणखी सुट्टी द्यायला नकार दिला होता. शोभना आली तेव्हाच श्वास बदललेला होता. मोठा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा मोठा. तिने हॉस्पिसच्या नर्सला फोन केला, चिलेशेला केला. मग ओठ ओले करत ती पलंगावर, अगदी कडेला लागून बसली. खिडकीचा पडदा उघडला. खाली पार्किंगमधल्या गाड्यांवर दंव पांढरं गोठलं होतं.

"बाना चिलेशे, पोरगी निघालीय तिकडून."

एस्नार्टने डोळे उघडले नाहीत, पण तिची बोटं शोभनाच्या मनगटावर हलली. काहीतरी ती म्हणाली, स्वतःच्या भाषेत. शोभनाला ते कळलं नाही, आणि पुन्हा विचारायला वेळ राहिला नाही. चिलेशे धापा टाकत जिना चढून आली तेव्हा सगळं संपून थोडाच वेळ झाला होता.

चिलेशे रडली नाही. कोट तसाच अंगात ठेवून तिने विचारलं, "नळ आत्ताच सोडून ठेवू का? त्याला गरम यायला वेळ लागतो."

दोघींनी मिळून एस्नार्टला अंघोळ घातली. आधी तोंड, मग मान, पाय शेवटी. न्डोलात हे काम चर्चच्या बायका करतात, चिलेशे म्हणाली, सहा-सातजणी मिळून, गात गात. ती एकटीच गायली, अगदी हळू; अर्ध्यावर थांबली आणि टॉवेल पिळायला लागली.

दफन गुरुवारी ठरलं. बुधवारी शोभनाला सुट्टी होती. सकाळी तिने पिठलं आणि भात केला. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण नेतात, हे तिच्या अंगवळणी पडलेलं होतं. सुमेधा सावनीला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात आली आणि डब्याकडे बघत उभी राहिली.

"त्या... गेल्या का?"

"काल. तिच्या मुलीकडे चाललेय."

सुमेधाने खालच्या कप्प्यातून मोठा डबा काढला. "हा घ्या, आई. तो पुरायचा नाही. माणसं असतील ना बरीच." तिने एका हाताने भात त्यात काढायला सुरुवात केली. सावनी आजीकडे झेपावली. सुमेधा क्षणभर थांबली. मग तिने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि भात काढत राहिली.

*

चिलेशेचं दार सताड उघडं होतं. शोभनाला वाटलं, कुणीतरी आत्ताच आलं असेल. आत गेली तर बैठकीची खोली रिकामी. सोफा, टीव्ही, टेबल, सगळं चिलेशेने मागच्या खोलीत कोंबलं होतं. पलंग हॉस्पिसवाले घेऊन गेले होते, त्यामुळे जागा झाली होती. खाली गालिच्यावर भिंतीच्या कडेने चादरी पसरल्या होत्या. कोपऱ्यात शेजाऱ्यांकडून आणलेले कप, आणि शेगडीवर एवढं मोठं पातेलं की त्याने चारही बर्नर झाकले होते.

चिलेशे भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. कमरेला आईचं रंगीत वस्त्र गुंडाळलेलं, वर तो कोट.

"बसा, आंटी. आमच्याकडे असंच असतं. खुर्च्या काढून टाकायच्या. लोक येतात, खाली बसतात. रात्री तिथंच झोपतात. कुणी कुणाला या म्हणत नाही."

"दार?"

"दार लावायचं नसतं."

नोव्हेंबरचा वारा जिन्यावरून थेट आत येत होता. शोभनाने बूट बाहेर काढले, डबा ओट्यावर ठेवला आणि कोट न काढता चिलेशेच्या शेजारी मांडी घालून बसली. गुडघे कुरकुरले. हीटर खालून गरम हवा फेकत होता आणि ती तशीच दारातून बाहेर जात होती.

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"सगळ्यांना. चर्चमध्ये फोन केला. कशानं गेली तेही सांगितलं. तिला हवं होतं तसं." चिलेशेने नाक पुसलं. "पास्टर म्हणाले, उद्या दफनाला येतील. बाकीच्यांचं माहीत नाही."

दुपार झाली. शोभनाने ताटात भात वाढला. चिलेशेने त्याचे दोन घास खाल्ले आणि मग न्शिमाचा गोळा शोभनाच्या ताटात ठेवला. दोघी हाताने जेवल्या. समोरच्या अपार्टमेंटमधला माणूस कुत्रं घेऊन बाहेर पडला, उघड्या दारातून रिकाम्या खोलीत, जमिनीवर कोट घालून बसलेल्या दोन बायकांकडे त्याने पाहिलं, आणि मान खाली घालून तो जिना उतरला.

खाली कुठेतरी गाडीचं दार वाजलं. जिन्यावर पावलं वाजली, जड, बाईमाणसाची वाटावीत अशी. चिलेशे ताठ झाली. तिने कमरेचं वस्त्र सारखं केलं, कप हाताशी ओढले.

पावलं मजल्यावर आली, थबकली, आणि वरच्या जिन्याला लागली. वर एक दार उघडलं आणि बंद झालं.

चिलेशेने कप हाताशीच राहू दिले. शोभना जमिनीवर हात टेकून भिंतीकडे थोडी सरकली, मग आणखी थोडी, आणि आपल्या शेजारची चादर तिने तळहाताने सपाट केली, येणाऱ्यांना बसायला जागा राहावी म्हणून.